भोंगेराव आणि करपलेले बटाटे

लोखंडाच्या खाणीचं गाव. भिंती तांबड्या, झाडं तांबडी, दोरीवरचे कपडे कितीही धुवा, तांबडेच. त्या धुरळ्यात एकच माणूस पांढरा सदरा घालून मिरवायचा, तो म्हणजे भोंगेराव. काम काय, तर सुरुंग उडवण्याआधी भोंग्याचं बटण दाबायचं. हे काम शेळीलाही शिकवता येईल असं त्याच्या बायकोचं मत होतं, आणि शेळीने निदान पांढऱ्या सदऱ्याचा हट्ट धरला नसता.

"माझ्या भोंग्यावर गावाच्या चुली चालतात," हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. दुर्दैवाने ते खरं होतं. दुपारचा भोंगा झाला की खाणीच्या क्वार्टरमधल्या सगळ्या बायका शेगडीवरची भांडी उतरवायच्या. घड्याळ भिंतीवर असायचं, पण त्याच्याकडे बघतंय कोण!

मोठे साहेब खाणीवर भाषण करायला आले, त्या दुपारी सुरुंग उडाला तेव्हा भोंगेरावाच्या बायकोचा धाकटा भाऊ अजून खाली ड्रिलपाशीच होता. दगड पायावर आला. सुरुंगवाला म्हणाला, "मी उभा असतो तिथे यंत्रांच्या गोंगाटात भोंगा कधी ऐकू येतो? वेळ झाली, बत्ती दिली."

आणि गाव म्हणालं, भोंगा तर वाजला होता. वाण्याने ऐकला, न्हाव्याने ऐकला, कचेरीतल्या झाडून सगळ्या कारकुनांनी ऐकला. रोज वाजतो म्हणजे त्या दिवशीही वाजलाच असणार! खोटं बोलायलाही थोडी अक्कल लागते. यांच्यापाशी तेवढीही नव्हती. भोंगा ऐकूनही पोरगा हलला नाही, म्हणजे चूक त्याचीच असं ठरलं. आता पाय गेला तो गेलाच, वर नोकरी आणि राहती खोलीही जाणार होती.

पण तिच्या घरी त्या दुपारी बटाटे करपले होते. भोंग्याची वाट बघत ती कपड्यांच्या घड्या घालत बसली, ती वास सुटेपर्यंत. धूर शेजारूनही येत होता. तिने शेजारणीला विचारलं, तेव्हा ती पातेल्याचं बूड खरवडता खरवडता म्हणाली, "आमचं नाही बाई काही करपलं." तिला त्या बाईची किळस आली.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आला. भोंगेराव कडक इस्त्रीत हजर. "साहेब, भोंगा चुकेल कसा? माझ्या भोंग्यावर गावाच्या चुली चालतात. ही बसलीय ना माझी बायको, विचारा हिला. भोंगा झाल्याशिवाय भांडं उतरवत नाही."

"खरं आहे," ती उठून म्हणाली. "अहो, त्या दिवशी जेवताना तुम्ही मला काय बोललात, तेही सांगा साहेबांना."

भाऊ दवाखान्यात, आणि हा ताटावर बसून खेकसला होता. ते ती विसरली नव्हती. तोही विसरला नव्हता, कारण बायकोची चूक तो जन्मात विसरायचा नाही.

"बोलणारच! कोळसा केला होतास बटाट्यांचा. लक्ष कुठं असतं तुझं?"

अधिकाऱ्याने मान वर केली. "भोंग्यावर भांडं उतरतं म्हणता. मग करपलं कसं?"

मागे बसलेला न्हावी एकाएकी आपली नखं बघायला लागला.

"मोठे साहेब बोलत होते ना," भोंगेराव शेवटी पुटपुटला. "भाषणाच्या मधेच... बरं दिसलं नसतं."

तिने पदर खोचला आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली. चूक तुझी नव्हती, हे भावाला सांगायला तिला दवाखाना गाठायचा होता. चौकशीच्या दिवशी शेगडीवर तिने काहीच ठेवलं नव्हतं.