आधी जाग, मग ताकद

दादाचा फोन आला तेव्हा मी नांदूरघाटला अंगणात तूर वाळत घालत होते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सकाळी सहसा फोन करत नाही. "शैला उठली न्हाई," एवढंच तो म्हणाला. अंगात ताप असेल, पडून राहिली असेल, असं मला वाटलं. मी म्हणाले, "मग उठव की." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला आणि मग मला कळलं... वहिनी झोपेतच गेली होती. चौसाळ्याला पोचेपर्यंत माझ्या हाताला तुरीची धूळ तशीच होती.

शैलावहिनी अंबाजोगाईची. बीडला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि रोज एसटीनं चौसाळ्याहून जाऊन-येऊन करायची. दादा देवघरं कोरणारा सुतार. दोघांचं कसं जमणार अशी भावकीत कुजबुज होती, पण ती संध्याकाळी घरी आली की पदर खोचून थेट दादाच्या कारखान्यात जायची. भुशात बसून चहा प्यायची आणि त्याचं कोरीवकाम बघत राहायची. दादाच्या पटाशीखालून मोर असा निघायचा की लाकडात तो आधीपासून बसलेलाच होता आणि दादानं फक्त दार उघडलं, असं वाटावं.

मग दादाचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, नंतर पटाशीत. डॉक्टरांनी सांगितलं, हे थांबणारं नाही, धारेचं हत्यार आता सोडा. दादानं सगळी हत्यारं तेल लावून पेटीत ठेवली आणि पेटीवर बसून राहिला. दिवसचे दिवस. मी भेटायला गेले की तो पिकापाण्याचं विचारायचा, पण लाकडाचं नाव काढायचा नाही. वहिनीनं त्याची समजूत घातली नाही. ती भंगारातून मोटारी आणायला लागली.

संगणकानं सांगितलेल्या रेषेवर कटर फिरवून लाकूड कोरणारी मशीन तिला घरीच बनवायची होती. चौकट सागाची, वरून आडवी तुळई पट्ट्यावर सरकणारी, तुळईला कटर. मोटारींना हिशेबानं वीज देणारं सर्किट, ज्याला ती ड्राइव्ह म्हणायची, तेही तिनं स्वतः जोडलं. दादाच्या जुन्या नक्षीचे फर्मे, म्हणजे आखलेले साचे, तिनं संगणकावर उतरवून घेतले. दादा सुरुवातीला लांबच बसायचा. एक दिवस मात्र त्याला राहवलं नाही. उठून पडद्याजवळ गेला आणि म्हणाला, "ही मान मोराची न्हाई, बदकाची हाय." वहिनी बाजूला सरकली आणि तिनं त्याला खुर्ची दिली. त्या दिवसापासून ती खुर्ची त्याचीच झाली.

पहिल्यांदा मशीन सुरू केली तेव्हा मी तिथंच होते. संक्रांतीला आले होते. कटर अजून बसवलेलं नव्हतं, नुसत्या मोटारी बघायच्या होत्या. दादा चौकटीच्या टोकाशी पट्टा बघत वाकला होता. मी चहा झाला म्हणून हाक मारली, तसा तो उठून दाराकडे आला. वहिनीनं बटण दाबलं. ती तुळई जी सुटली, ती थेट टोकाला जाऊन आदळली. सागाची जाड चौकट उभी चिरली. दादा जिथं वाकला होता तिथंच. वहिनीनं बटण बंद केलं आणि ती चौकटीपाशी गेली. चिरलेल्या लाकडावरून बोट फिरवत ती म्हणाली, "अकलेआधी ताकद दिली मी हिला."

मला तेव्हा काही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिनं समजावलं. एकाच बटणावर तिनं सगळ्यांना वीज दिली होती. मशीनचा मेंदू जागा व्हायला थोडा वेळ घेतो, मोटारींना मात्र ताकद लगेच मिळते. आपण कुठं आहोत हे मोटारीला माहीत नाही, सांगणारा अजून झोपेत, मग ती वाट फुटेल तिकडं धावते. "झोपेतून उठवलेल्या माणसाच्या हातात लगेच विळा देतो का आपण?" ती म्हणाली. "आधी तोंड धुऊ देतो. भान येऊ देतो. तसंच हाय हे."

तिनं सगळं उकलून पुन्हा जोडायला घेतलं. आता आधी फक्त बारीक वीज, मेंदूपुरती. मग प्रत्येक मोटार आपली जागा ओळखते का, ते तपासायचं. ते जमलं तरच हिरवं बटण माणसानं स्वतः दाबायचं. तेव्हाही मोठी वीज एकदम सोडायची नाही. ड्राइव्हमधले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर अधाशासारखे वीज ओढतात, म्हणून त्यांना आधी रोधातून, म्हणजे वीज अडवून धरणाऱ्या तुकड्यातून, हळूहळू भरू द्यायचं. ते भरले की शेवटी मोटारींना परवानगी. बंद करताना उलट्या क्रमानं. आणि मध्येच लाइट गेली तर मोठ्या विजेचा कॉन्टॅक्टर, म्हणजे ती जोडणारा-तोडणारा जाड स्विच, आपोआप सुटायचा. लाइट परत आली तरी तो आपणहून जोडला जायचा नाही, माणसानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

हे जमलं तरी तिनं कटर बसवलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीभर ती एकेक वायर मुद्दाम सोडवायची, मध्येच मेन स्विच पाडायची, मोटारीची जागा सांगणारी तार उपटायची आणि मशीन काय करते ते बघायची. गावात लोक विचारायचे, बाईंची मशीन चालती झाली का? मीही एकदा वैतागून म्हणाले की चांगली चालणारी मशीन रोज कशाला बिघडवतेस. ती हसली. "चालती ते कुणालाबी दिसतं, वन्सं. बिघडल्यावर काय करती, ते मला बघायचंय."

ते मला पुढच्या उन्हाळ्यात बघायला मिळालं. कटर बसलं होतं, चकलांब्याच्या एका घरासाठी देवघराची कमान कोरणं चाललं होतं. दुपारी लाइट गेली. कटर लाकडातच थांबलं. हात घालायच्या आधी भिंतीवरचा खटका ओढायचा, असा वहिनीचा नियम होता. पण मोराच्या तुऱ्यात भुसा साचला होता आणि दादाला ते बघवलं नाही. मी दारात उभी होते. त्यानं तो थरथरता हात तुळईखाली, कटरच्या अगदी पोटाशी घातला आणि बोटांनी भुसा काढायला लागला. तेवढ्यात लाइट आली. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला, स्वयंपाकघरात रेडिओ बोलायला लागला, रस्त्यापलीकडची गिरणी घरघरली. सगळं गाव एकदम जागं झालं.

मशीन हलली नाही. एक लाल दिवा लागला आणि ती तशीच उभी राहिली, दादाचा हात पोटाशी घेऊन. वहिनी आतून आली. तिनं खटका ओढला, दादाचं मनगट धरलं आणि हात हळूच बाहेर काढला. "मशीननं नियम पाळला," ती म्हणाली, "तुमी मोडला." आवाज शांत होता, पण त्याचं मनगट तिनं बराच वेळ सोडलं नाही. मी त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. देवळात खूप दिवे पाहिले मी, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. ती घरात भाकऱ्या थापत होती, तिचं लक्षही इकडं नव्हतं, आणि तरीही तिनं त्याचा हात वाचवला होता. हा प्रसंग कधी तरी येणार हे तिनं आधीच जाणलं होतं आणि वायरी जोडता जोडता त्याची तजवीज करून ठेवली होती. माणसाची माया इतक्या लांबचं बघू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर कितीतरी देवघरं त्या खोलीतून बाहेर पडली. मोर दादाचेच होते, एकाचीही मान बदकाची नाही. बघणाऱ्याला हातानं कोरल्यासारखेच वाटायचे. दादा पुन्हा लाकडाचं बोलायला लागला होता.

वहिनीचं तेरावं झालं तेव्हा भावकीतल्या कुणीतरी मशीन विकून टाकायचा विषय काढला. दादा उठून गेला. परवा मी परत चौसाळ्याला गेले तर खोलीतून सागाचा वास येत होता. वेल कोरायची एक नवी फळी त्यानं लावली होती. त्यानं पहिला खटका वर केला आणि थांबला. पडदा उजळला, मोटारींनी आपापली जागा सांगितली. त्यानं हिरवं बटण दाबलं, पुन्हा थांबला. आत कुठंतरी टक् असा जाड आवाज झाला. कान देऊन ऐकलं तर मोटारींतून अगदी बारीक सूर येत होता, बाकी काहीच नाही.

"आता ढकल तिला," दादा म्हणाला.

मी तुळईला दोन्ही तळवे लावले. बंद असताना एका बोटानं सरकणारी ती तुळई... मी अंगातला सगळा जोर लावला, पाय रोवून लावला. केसाएवढीही हलली नाही.

"जागी हाय, आपली जागा धरून उभी हाय," तो म्हणाला.

मग माझे हात लाकडावरून निघायची वाट बघत राहिला. मी हात काढून भिंतीशी जाऊन उभी राहिले, तेव्हाच त्यानं कटर खाली सोडलं.