कुसाबाईंचा सरदार

ज्योत्स्ना वाचनालयाची पुस्तकं घरोघरी पोहोचवते. स्कूटरच्या पुढ्यात एक पिशवी, मागे दुसरी, आणि सिडकोपासून इंदिरानगरपर्यंत साठ-सत्तर घरं, प्रत्येकाचा वार ठरलेला. बायका दारातच विचारतात, "ऐतिहासिक आणलंस का गं? प्रेमाचं?" नुसत्या लढाया त्यांना नको असतात आणि नुसतं प्रेमही नको असतं. घोडे हवेत, खलिते हवेत, भरजरी शालू हवेत आणि त्या सगळ्या पसाऱ्यात दोन माणसांचा जीव एकमेकांत अडकलेला हवा.

बारा वर्षं हे ओझं वाहून ज्योत्स्नाचं स्वतःचं एक मत झालं आहे आणि कुणी विचारलं नाही तरी ती ते सांगते. तिचं म्हणणं असं की जुन्या काळातलं प्रेम वाचायला गोड लागतं, कारण तेव्हा बोलायची सोय नव्हती. घरात पन्नास माणसं, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे मान वर करून बघायची चोरी, पत्र पोहोचायला महिना. मग माणूस सांगणार कसं? काहीतरी करून सांगणार, नाहीतर दुसऱ्याच कशाच्या आडून बोलणार. ज्या लेखकाला हे कळतं, त्याचं पुस्तक हातोहात जातं. जो पहिल्याच प्रकरणात नायकाला चांदण्यात उभा करून पानभर भाषण ठोकायला लावतो, त्याचं पुस्तक ती पिशवीच्या तळाशी सारते. "फोनवर बोलल्यासारखी बोलतात मेली," असं तिचं परीक्षण असतं आणि त्यावर अपील नसतं.

मंगळवार सिडकोतल्या भोयेंचा. वहीत सभासदाचं नाव कुसाबाई यादव भोये. पहिलं वर्षभर ज्योत्स्नाला वाटे, या मावशी म्हणजे मोठ्या वाचक. मग एकदा सभासदत्वाच्या कागदावर सही हवी होती, तेव्हा मावशींनी निमूटपणे अंगठा पुढे केला. लहानपणी शाळेच्या दिवसांत त्या आईबापांबरोबर द्राक्षबागांच्या कामाला जात. पाटी हातात आलीच नाही. वाचत होते ते यादवकाका. पेठकडच्या पाड्यावरचा हा माणूस आश्रमशाळेत दहावी झाला आणि तीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिला. बोलण्यात इतका कंजूष की पाहुण्याला "या" म्हणतानाही अर्धाच शब्द खर्च करायचा. निवृत्त झाल्यापासून रोज दुपारी जेवण झालं की ते तासभर मोठ्यानं वाचत आणि कुसाबाई तांदूळ निवडत ऐकत. प्रेमाची पुस्तकं स्वतःच्या नावावर न्यायला काकांना लाज वाटे, म्हणून सभासद बायको.

लाल बांधणीचं एक जाडजूड पुस्तक कुसाबाईंनी तीन वेळा मागवलं. एक सरदार उत्तरेच्या मोहिमेवर जातो आणि त्याची बायको घरी वाट बघते, एवढीच गोष्ट. ज्योत्स्नाला ते पुस्तक अजिबात पटलं नव्हतं. चारशे पानांत हा गडी बायकोशी चार वाक्यं बोलत नाही, तोफगोळ्यांची वजनं मात्र सगळी दिलेली. ती एकदा काकांना म्हणालीसुद्धा, "काका, यात प्रेम कुठं आहे हो?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "आहे की," म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. मावशी मात्र त्या सरदारावर अगदी फिदा होत्या. "असा नवरा लाखात एक," म्हणायच्या. ज्योत्स्ना मनात कपाळाला हात लावायची.

यंदा दिवाळीनंतर काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगा नवनाथ पुण्याहून येऊन पंधरा दिवस राहिला आणि रजा संपली तसा परत गेला. ज्योत्स्ना पुस्तकं घेऊन गेली, तर कुसाबाई दारातच म्हणाल्या, "नाव काढून टाक बाई माझं. आता कोण वाचायचं हाय?"

ज्योत्स्नाचा जीव कळवळला. "मी वाचून दाखवीन, मावशी. दर मंगळवारी अर्धा तास."

कुसाबाईंनी जरा विचार केला. "मग ते लाल पुस्तक आण," म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी ती ते घेऊन गेली. खिडकीपाशी खाटेवर काका पडून होते. पुस्तक बघताच त्यांचा डावा हात हलायला लागला आणि घशातून घुसमटल्यासारखा आवाज निघाला. काकांना आनंद झाला, असं ज्योत्स्नाला वाटलं. मावशींना सरदार निघतो तो प्रसंग हवा होता. तिनं पान काढलं आणि आवाज लावून वाचलं, "सरदारांनी देवास नमस्कार केला, तलवार कमरेस बांधली आणि पहाटे फौजेनं कूच केलं. सोबत बाराशे स्वार..."

"थांब," कुसाबाई म्हणाल्या. "तू गाळलंस."

"काय गाळलं?"

"तो आत येतो ते. ती नागली दळत असती. तो खाली बसून जात्याला हात लावतो अन् म्हणतो, माझ्या घरी येऊन तुला कष्टच पडले. मी परत आलो का तुला पाटावर बसवीन अन् माझ्या हातानं वाढीन."

ज्योत्स्नानं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. नागली नव्हती. जातं नव्हतं. नागली, म्हणजे नाचणी, ही तर पेठकडच्या पाड्यांवरची भाकरी; दारी हत्ती झुलणाऱ्या सरदाराची बायको ती कशाला दळत बसेल? तिनं खाटेकडे पाहिलं. काका तिच्याकडेच बघत होते, चोरी पकडल्यासारखे. तिला सगळं कळलं. जन्मभर "चहा टाक"च्या पुढे न गेलेला हा माणूस रोज दुपारी सरदाराच्या तोंडून बायकोशी बोलत होता.

आता काय करायचं? खरं सांगावं तर मावशींचा लाखात एक सरदार जाणार, आणि काकांचं गुपित फुटणार तेही स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलता येत नसताना. "पानं चिकटली होती," ती घाईघाईनं म्हणाली आणि पुस्तकात डोकं खुपसून रचायला लागली, "सरदार म्हणाले, प्रिये, तुझ्या विरहाच्या नुसत्या कल्पनेनं हे हृदय..."

"प्रिये?" कुसाबाईंना हसू आवरेना. "अगं, लाज वाटू दे! सरदार असं बोलत नाय." मग त्या शांत झाल्या. "ऱ्हाऊ दे, पोरी. पुस्तकात नाय ते. मला ठाव हाय."

ज्योत्स्नानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "कसं?"

"लढाई आली का ह्यांचं वाचणं भराभरा चालायचं. अन् तो बायकोपाशी आला का हे अडखळायचे. आवाज बारीक व्हायचा. छापलेलं वाचताना माणूस कशाला अडखळंल?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हे गप झाले असते. मग मला कोण सांगणार होतं ते?"

"आणि मला का वाचायला लावलंत?"

"म्हटलं, बघावं तरी, पुस्तकाचं किती अन् ह्यांचं किती." कुसाबाईंनी ते लाल पुस्तक हातात घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. "पुस्तकाच्या निस्त्या लढाया हायेत."

काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. डोळ्यांतलं पाणी कानामागे ओघळत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. कुसाबाई खाटेच्या कडेला बसल्या, पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि हनुवटीला धरून ते आपल्याकडे वळवलं. ज्योत्स्ना निघायला उठली, पण दारापर्यंत जाऊन तिथंच उभी राहिली.

"इतकी वर्सं तुमचा सरदारच बोलला," त्या म्हणाल्या. "त्याची बायको काय बोलली नाय. ती काय म्हणंल, ते तुम्हाला सुचंच ना. आज ती बोलती हाय, ऐका."

काका ऐकत होते.

"ती म्हणती, वाढायचं ऱ्हाऊ द्या," कुसाबाई म्हणाल्या, आणि या वेळी अडखळल्या त्या. "तुम्ही निस्तं परत या."