शिडीवाले पाद्रीबाबा

निवडणुकीच्या बातम्या देणाऱ्या माणसाकडं दोन प्रकारचा माल साठतो. एक जो छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी भजी बांधायच्या कामी येतो. दुसरा जो संपादक कापून टाकतो. माझ्याकडं हा दुसराच ढिगानं आहे. आयुष्यभर बातमीदारी केली, दोन नोकऱ्या सोडल्या, पण वह्या सोडल्या नाहीत. आता कापणारा कोणी उरला नाही, तेव्हा बसा आणि ऐका.

पन्नासच्या दशकातली पहिली निवडणूक. वाशीम तेव्हा तालुका होता, जिल्हा अकोला आणि राजधानी नागपूर. मी अमरावतीला बी.ए. करून अकोल्याच्या एका दैनिकाचा वाशीमचा बातमीदार झालो होतो. एक सायकल, एक वही आणि दिसेल त्याच्याशी भांडायची तयारी, एवढंच भांडवल!

मानोऱ्याच्या बाजूला विधानसभेसाठी गढीवाले बापूसाहेब उभे होते. पाचशे एकराचा माणूस, दारात जीप. रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात पाय पसरून ते माझ्यासमोर म्हणाले, "प्रचार कायचा करायचा? तांडे माह्या खिशात हायेत."

हे वाक्य मी जसंच्या तसं मिशनच्या दवाखान्यात जाऊन सांगितलं. तिथं रेव्हरंड शामुवेल इंगळे राहायचे. इथलेच, वऱ्हाडातले. वीस वर्षं बंजाऱ्यांच्या तांड्या-तांड्यांवर पायी फिरलेला माणूस. लोक त्यांना पाद्रीबाबा म्हणत. त्यांची बायको रूथबाई दवाखान्यात नर्स होती. पाद्रीबाबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "खिसा फाटला पाहिजे मंग."

तिसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्म भरला. अपक्ष!

पाद्रीबाबा पडले, हे आधीच सांगून टाकतो. ते पडणार हे त्यांनाही ठाऊक होतं. तांड्याचं मत तांडा टाकतो की बापूसाहेब, एवढाच त्यांचा सवाल होता. त्याचं उत्तर मोजणी होईपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.

*

पहिलं भांडण मतदारयादीचं झालं. दुरुस्तीसाठी एक कारकून नदीपलीकडच्या तांड्यावर आला. बायका परक्या माणसाला नाव सांगेनात. कारकुनानं आपलं लिहून टाकलं, 'हरसिंगची बायको', 'थावऱ्याची आई'. वरून हुकूम होता की अशी नावं चालणार नाहीत, काढून टाका. म्हणजे अख्ख्या तांड्यातल्या बाया यादीतून गायब!

पाद्रीबाबा रूथबाईंना घेऊन आले. कारकून चिडलेला होताच.

"बाई, नाव सांगता की खोडू?"

समोरच्या बाईनं पदर तोंडात धरला. रूथबाई म्हणाल्या, "लिहा, जमना."

"ही पलीकडची?"

"लिहा, चांदी. तिच्या मागची धुरपता."

एकेक करून सगळ्या बायांची नावं रूथबाईंनी तोंडपाठ सांगितली. बायका हसून माना हलवत होत्या. कारकुनानं टाक खाली ठेवला. "तुमाले कसे काय माहीत हो एवढे नावं? मले तं एकीनं सांगितलं नाई!"

रूथबाई म्हणाल्या, "तुमी पंख्याखालून आले ना भाऊ. मी बाळंतपनाले येतो. कळा सुरू झाल्या का बाई नाव पन सांगते अन् नवऱ्याले शिव्या पन देते!"

*

बापूसाहेबांच्या माणसांनी मग एक अफवा सोडली. इंग्रजांचा लाटसाहेब गेला, त्याच्या जागी आता पाद्री लाट होऊन राह्यला! पाद्री म्हणजे गोऱ्यांचा माणूस, तो लाट झाला की इंग्रज परत येणार, असा सगळा हिशेब.

मी संतापलो. पाद्रीबाबांच्या एका सभेत उठून मी राज्यघटनेवर भाषण ठोकलं. राज्यपाल निवडून येत नसतो, राष्ट्रपती त्याला नेमतो, ही निवडणूक आमदाराची आहे, वगैरे. कॉलेजात शिकलेलं सगळं ओतलं. अर्ध्या तासानं एक म्हातारा उठला.

"पोरगं चांगलं बोलून राह्यलं बाप्पा. पन पाद्रीबाबा, तुमी लाट झाले तं आमाले काय देसान?"

मी कपाळावर हात मारला. पाद्रीबाबा उठले. अंगात कोपरावर ठिगळ लावलेला कोट, पायात टायरच्या चपला. ते दोन्ही हात पसरून जागच्या जागी एकदा गोल फिरले.

"बाबाजी, नीट पाहून घ्या. लाट असा दिसते का?"

म्हाताऱ्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लोकांकडं वळून म्हणाला, "नाई बाप्पा. हा आपल्यातलाच हाये. घरी चाला!"

*

अफवा मेली की दुसरी जन्माला येते. मानोऱ्याच्या बाजाराच्या दिवशी पाद्रीबाबा खोक्यावर उभे राहून बोलत होते. मधेच बापूसाहेबांचा एक गडी ओरडला, "ओ पाद्री! तुमाले मत देलं तं आमी बाटतो म्हन्तेत, खरं हाये का?"

मिरच्या मोजणाऱ्या बाईचा हातसुद्धा तराजूवर थांबला. हाच सवाल सगळ्यांच्या मनात होता, विचारायला कोणी धजत नव्हतं.

पाद्रीबाबांना राग आला असावा, कारण त्यांनी चष्मा काढला. पण आवाज चढवला नाही.

"भाऊ, ईस वर्सं झाले, म्या या भागात उपदेश करून राह्यलो. उन्हात, पान्यात, पायी. आजपर्यंत मोजून तीन घरं आले. त्यातलं एक वापस गेलं. एका कागदानं मानूस बाटत असता तं म्या ईस वर्सं चपला कायले झिजवल्या असत्या?"

मिरचीवाली बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. विचारणारा गडी पण हसला. बाजार उठेपर्यंत तो तिथंच खोक्याशेजारी बसून होता!

*

पाद्रीबाबांना निशाणी मिळाली शिडी. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर त्याचं चित्र चिकटवलेलं, आपलं मत त्या पेटीत टाकायचं. तेव्हा लोकांना चित्र ओळखता आलं पाहिजे. पाद्रीबाबांनी कामरगावच्या एका सुताराकडून सागाची दहा पायऱ्यांची शिडी मागून आणली, छकड्यावर टाकली आणि गावोगाव निघाले.

झालं काय, ज्याच्या त्याच्या घराचं काहीतरी दुरुस्तीला आलेलं! एका खेड्यात आम्ही सकाळी नऊला शिरलो. पहिल्याच घरचा कास्तकार म्हणाला, "वा! पाद्रीबाबा, जरा शिडी देता का? छपराचे दोन कवेलू सरकले हायेत."

दोनाचे चाळीस झाले. कास्तकार वर, पाद्रीबाबा खाली शिडी धरून उभे, आणि मी कौलं वर फेकतोय. बी.ए.! मग शेजाऱ्याचं छप्पर. मग देवळाच्या कळसाचा चुना. उन्हं उतरायला लागली. एका माणसाशीसुद्धा निवडणुकीचं बोलणं झालं नव्हतं. मी धुसफुसत म्हणालो, "बाबा, बापूसाहेबांची जीप आज बारा गावं करून गेली असेल."

"जाऊ द्या. गळतं घर थांबते का?"

निघताना तो पहिला कास्तकार चहा घेऊन आला. हात जोडून म्हणाला, "पाद्रीबाबा, खोटं कायले बोलू? वावर बापूसाहेबाचं करतो, मत त्यालेच द्या लागते. पन शिडी तुमची लय मजबूत हाये!"

*

आता माझ्या दैनिकाबद्दल. नाव घेत नाही, कारण ते बंद पडलं आहे आणि मेलेल्याला मारू नये.

बापूसाहेबांची मोठी सभा झाली. मी माणसं मोजली. जीपमधून आलेले सहा, गढीचे नोकर चौदा, आणि सावलीला बसलेल्या दोन म्हशी. मी तसं लिहून पाठवलं. छापून काय आलं? 'बापूसाहेबांच्या सभेस अलोट जनसागर!'

मी सायकल मोटारीच्या टपावर टाकून थेट अकोला गाठलं. संपादकाच्या टेबलावर अंक आपटला.

"हा जनसागर कुठून आणला?"

संपादक उद्याच्या अंकाचं पान लावत होते. वर न पाहता म्हणाले, "अहो, जागा उरली होती."

"मग म्हशी का कापल्या?"

"त्यांना मत नाही."

मी तिथंच राजीनामा लिहिला. त्यांनी वाचला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त करून मला परत दिला! निवडणूक संपेपर्यंत मी तो खिशात घेऊन फिरलो, आणि मग दिलाच.

*

निशाणी मिळायच्या आधीची एक गोष्ट राहिलीच. अर्ज मागं घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबांना गढीवरून बोलावणं आलं. मला त्यांनी मुद्दाम बरोबर नेलं. "तुमी बसा फक्त, भांडू नोका," अशी अट घालून.

बापूसाहेबांनी चिवडा मागवला, चहा मागवला. मिशनच्या शाळेला कुंपण नाही, याची त्यांना एकदम आठवण झाली. दवाखान्याच्या विहिरीला गाळ आहे, याचंही दुःख झालं. सगळं होऊन जाईल, फक्त फॉर्म तेवढा मागं घ्या!

पाद्रीबाबा चिवडा खात राहिले. शेंगदाणे बाजूला काढून शेवटी खायची त्यांची सवय होती. तेही झाले. बापूसाहेबांचा धीर सुटला.

"अहो पाद्री, तुमचं राज्य तं सर्गात हाये, असं तुमीच सांगता. मंग आमच्या राज्यात कायले घुसून राह्यले?"

पाद्रीबाबांनी ताटली खाली ठेवली.

"तिकडं समदं ठीक हाये बापूसाहेब. बायाइच्या नावानं दुसरा कोनी मत टाकत नाई. म्हनून म्या इकडं आलो."

मी भांडलो नाही. पण हसू आवरलं नाही, आणि हातातला चहा गढीच्या गालिच्यावर सांडला. आजही वाईट वाटत नाही.

*

मतदानाचा दिवस. नदीपलीकडच्या तांड्याच्या बूथवर मी सकाळपासून ठाण मांडून होतो. गडीमाणसं कामासाठी बाहेर गेलेली, तेव्हा रांग जवळजवळ सगळी बायांचीच. लाल-हिरवे घेरदार घागरे, हातात कोपरापर्यंत बलोये, म्हणजे पांढऱ्या जाड बांगड्या, आणि काय तो गलका!

दुपारी माझ्या लक्षात आलं, की काही बाया आत जातात, पडद्यामागून लगेच बाहेर येतात आणि ओढणीखालून काहीतरी बाभळीखाली बसलेल्या माणसाच्या हातात देतात. तो माणूस म्हणजे बापूसाहेबांचा एजंट, गणपत. मतपत्रिकेवर तेव्हा खूण करायची नसायची, नुसती पेटीत टाकायची. बायांनी ती पेटीत न टाकता बाहेर आणायची, म्हणजे कोणी ऐन वेळी फिरायला नको! सगळ्या जमल्या की भरवशाच्या एका हातानं एकदम बापूसाहेबांच्या पेटीत. खिसा म्हणतात तो हा!

माझं डोकं तडकलं. तरातरा आत गेलो आणि मतदान अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. तो घाम पुसत म्हणाला, "पुरावा काय?"

"चला, दाखवतो!"

तो उठून येईपर्यंत गणपत रिकाम्या हातानं विडी ओढत होता. अधिकारी माझ्याकडं पाहून म्हणाला, "बातमीदारसाहेब, बिनपुराव्याचं लिहिता, तसं बोलताही वाटतं!" आणि आत गेला. त्याच्या शेजारून एक पाठीत वाकलेली म्हातारी, एक हात ओढणीखाली धरून, काठी टेकत मतदानाला आत शिरली. गणपतनं तिला हात जोडले. "जा माय, ध्यानात हाये ना?"

"हाये रे बाप्पा, हाये," म्हातारी म्हणाली.

संध्याकाळी मी पाद्रीबाबांना जाऊन सांगितलं, की आपण हरलो. मतं कमी पडली म्हणून नव्हे, सवालच हरलो. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला रूथबाईंनी नंतर सांगितलं.

मोजणी वाशीमला झाली. टेबलाभोवती उमेदवार, एजंट, कोपऱ्यात मी. एकेक बूथच्या पेट्या फुटत होत्या. बापूसाहेब पुढं, खूप पुढं. पाद्रीबाबा हातांची घडी घालून बसलेले.

नदीपलीकडच्या तांड्याची वेळ आली. आधी बापूसाहेबांची पेटी उघडली. आत थोड्या सुट्या मतपत्रिका, एक हळकुंड आणि दोन झेंडूची फुलं. गणपत पुढं वाकला. अधिकाऱ्यानं पेटी उलटी करून ठोकली. आणखी काही पडलं नाही. गणपतनं ती ओढून घेऊन स्वतः आत डोकावून पाहिलं.

मग शिडीची पेटी उघडली. सुट्या मतपत्रिका पडल्या. आणि त्यांच्यावर धप्पकन एक चपटी गड्डी पडली. चांगली वीसेक मतपत्रिकांची, लाल-पिवळ्या नाड्यानं घट्ट बांधलेली.

अधिकाऱ्यानं ती दोन बोटांत उचलली. "हे काय आहे? कोणाचं आहे हे?"

बापूसाहेब छताकडं पाहत होते. पाद्रीबाबांनी चष्मा पुसून घातला आणि मान हलवली, मला ठाऊक नाही.

"कोणालाच माहीत नाही? मग ज्या पेटीत निघाली तिच्यातच मोजतो."

तेव्हा गणपतला राहवलं नाही. तो टेबलावर हात आपटून ओरडला, "मोजता कसे साहेब? हे समदे मतं आमचे हायेत! तो नाडा म्या देवीपुढं ठेवून आनला होता! गाठ पाहा, गाठ! म्या सोता मारली हाये!"