होडी लोटणाऱ्याची रीत

विमानाला आपणहून मागं सरकता येत नाही, हे गोटीराम पाटलांनी गोजराबाईंना लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं होतं. एवढं मोठं धूड, पण विमानतळाच्या दारापासून मागं घ्यायचं तर ट्रॅक्टर लावून ढकलावं लागतं. तो ट्रॅक्टर गोटीराम चालवायचे.

"म्हंजे होडीच की," गोजराबाई म्हणाल्या होत्या.

खरंच होडीच. ओहोटीला चिखलात रुतलेली होडी गोटीरामांचे वडील छाती लावून लोटायचे. गावाची रीत अशी, की लोटणाऱ्यानं चिखलातच उभं राहायचं. होडीतल्यानं हात वर केल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. गोटीरामांनी ही रीत मुंबईच्या विमानतळावर नेली. ट्रॅक्टर सुटला तरी वैमानिकाचा हात दिसेपर्यंत ते जागचे हलत नसत. पुढे गावाची शेतं नव्या विमानतळात गेली, तेव्हा त्यांनी इकडे बदली मागून घेतली. वडिलांची होडी लागायची त्या अंगाला आता विमानं लागत होती.

यंदा लेक नमिताचं बाळंतपण हैदराबादला. गोजराबाई पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या.

"तुजं इमान मीच ढकलनार," गोटीरामांनी शब्द दिला. तो आळीभर झाला. शेजारच्या वेणूबाई म्हणाल्या, "जरा बेतानं ढकला, नायतर आमची गोजरा हैदराबादच्या पुडं जायची."

त्या सकाळी गोटीराम ट्रॅक्टर पुसून तयार होते. एवढ्यात सुपरवायझर अभिराम आला.

"काका, या विमानाला ट्रॅक्टर नको. पुढच्या चाकांत विजेची मोटर बसवलीय, चाचणी चाललीय. पायलट आतूनच मागे घेणार."

गोटीराम त्या चाकांकडे बघत राहिले.

"माज्या बायकोला शब्द दिलाय रे."

"काकींना मी सांगू का?"

"नको. मागं कोन बघनार?"

"त्याला माणूस लागतोच. तुम्ही उभे राहा."

विमान मागं सरकलं. ना ट्रॅक्टरची घरघर, ना धूर. गोटीरामांचा पाय उगाच क्लच शोधत होता. वडील होडी लोटताना घशातून एक हुंकार काढायचे, तो त्यांना आठवला. इतक्या वर्षांनी, तिथंच.

वैमानिकानं हात केला. सोबतचे निघाले. गोटीराम उभेच. काचांवर ऊन चमकत होतं, खिडक्या सगळ्या सारख्या. विमान पुढं निघालं, वळलं आणि ऊन सरकलं. एका काचेवर हिरव्या बांगड्यांचा हात टेकलेला दिसला. त्यांनी आपला हात वर केला आणि मगच पाठ फिरवली.

दुपारी फोन आला.

"पोचले बरं. काय हलू ढकलला तुमी, धक्का बी लागला नाय. वेनूला सांगा."

हो म्हटलं असतं, तर भागलं असतं.

"मी नाय ढकलला गं. त्याच्या चाकातच मोटर हाय. आपलंआपन गेला."



"मंग उन्हात कशाला उबे व्हते?"

"तू हात करायची व्हतीस ना."

"मी कवाची हात करत व्हते," गोजराबाई म्हणाल्या. "तुमी चाकाकडंच बगत व्हते."