बाप्पाखालचा नंबर

आमच्या इंग्लंडमधल्या, स्लाऊच्या मित्रमंडळींत एक जण बँकेच्या कम्प्लायन्समध्ये आहे. लोक नियम पाळतात की नाही, हे तपासणं हाच त्याचा धंदा. स्वतःच्या बाबतीत मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याने कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला तेव्हाच मला कळलं, आता हा आपला जीव खाणार.

दसऱ्याला त्याने ड्रोनची पूजा केली. पूजेला माझी हरकत नाही, मीही लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतो. पण या शहाण्याने हळदकुंकू वाहून झाल्यावर गणपतीचा स्टिकर लावला तो नेमका नोंदणीच्या नंबरावर. हा नंबर ड्रोनवर स्पष्ट दिसला पाहिजे, असा इथला नियम आहे. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "अरे, बाप्पापेक्षा मोठं रजिस्ट्रेशन कुठलं?" सगळे खो खो हसले. मला त्याच्याइतकाच त्या हसणाऱ्यांचाही तिटकारा आला.

फेब्रुवारीत शाळांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबं स्कॉटलंडला स्कीइंगला गेलो. आदल्या वर्षी तिथेच माझ्या मुलीचं मनगट मोडलं होतं. पंधरा वर्षांची पोर, पण त्यानंतर बर्फाचं नाव काढलं तरी गप्प व्हायची. या वेळी ती एका अटीवर आली. "बाबा, तू खाली उभा राहा आणि only मला बघ. प्रॉमिस?" मी प्रॉमिस म्हटलं.

लिफ्टजवळच मोठी पाटी होती, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. आमच्या महाशयांनी ती वाचली आणि पिशवीतून ड्रोन काढला. "ते कमर्शियलवाल्यांसाठी रे. माझा अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, एवढ्या हलक्याला कोण विचारतं." हा स्की करत खाली येणार आणि ड्रोन याच्या मागून उडत शूटिंग करणार! उडवणाऱ्याची नजर ड्रोनवर हवी. याची पाठ ड्रोनकडे.

"म्हणून तर तू आहेस," तो म्हणाला. "तू ऑब्झर्व्हर. खाली उभाच आहेस, just बघत राहा." माझा नकार ऐकायला तो थांबलाच नाही.

वरून तो आला, तो पाट शोधत खाली बसणाऱ्या पाहुण्यासारखा वाकून. अर्ध्या वाटेत आपटला. ड्रोन भरकटून शिकाऊंच्या उतारावर गेला. तिथून माझी मुलगी एकटी खाली येत होती. डोक्यावर घरघर ऐकून ती दचकली आणि पडली, त्याच मनगटावर.

मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा तिथल्या सुरक्षापथकाची बाई तिच्याजवळ बसली होती. मनगट मोडलं नव्हतं. मग त्या बाईने ड्रोन उचलला, नंबर शोधला आणि ती नखाने स्टिकर खरवडायला लागली. "ते धार्मिक आहे," आमचा कम्प्लायन्सवाला इंग्रजीत म्हणाला. लाजेने मला तिथेच बर्फात गाडून घ्यावंसं वाटलं. ड्रोनवर लक्ष कोण ठेवत होतं, असं तिने विचारलं. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "मी हो म्हटलं नव्हतं," मी म्हणालो. ते खरंच होतं.

एवढं होऊनही चहाच्या वेळी त्या निर्लज्जाने ते फुटेज कॉटेजच्या टीव्हीवर लावलं. उतार दिसला, मुलीचं लाल हेल्मेट दिसलं. ती सुरेख येत होती, गुडघे वाकवून, न घाबरता. मग तिने खाली बघून हात हलवला. थोडं पुढे येऊन पुन्हा हलवला, जोरात.

पडद्याच्या कोपऱ्यात, उताराखाली मी होतो, मान खाली घालून, फोनमध्ये. ड्रोनचे नियम शोधत होतो. त्याच्या तोंडावर मारायला नेमकं कलम हवं होतं मला, आणि ते सापडल्याचा आनंदही तेव्हा झाला होता.

मुलीने दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं. "तो ड्रोन तरी मला बघत होता," ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून आत गेली.