शेवटचा बास्केट कुणाचा

प्रमुख पाहुण्यांचा परिचय मीठमसाला न घालता करून देणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्मायचाय. साधा निवृत्त शिक्षक असला तरी आपण त्याला ऋषितुल्य करतो, तो मान खाली घालून ऐकतो, आणि मग सगळे वडे खायला जातात. आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या आमच्या मराठी मंडळात हे खातं माझ्याकडे. एका दंतवैद्याचा परिचय मी असा करून दिला की लोक आपल्याकडे विमानानं दात काढायला येतात असं त्यालाही वाटू लागलं.

एकवीस सालचा गणपतीही झूमवरच होता. पाहुणे म्हणून मी शेजारचे आजोबा पकडले. उंची अशी की आमच्या किचनमधल्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरचा डबा ते खुर्चीत बसून काढतील. इथल्या क्लबांनी पहिल्यांदा पगारी बास्केटबॉल खेळाडू आणायला सुरुवात केली, तेव्हा हे अमेरिकेहून आले. क्लबच्या सेक्रेटरीच्या घरी माळ्यावरची खोली, सकाळी शाळेतल्या मुलांना शिकवायचं, शनिवारी त्याच शाळेच्या हॉलमध्ये सामना. दोनेक हंगामांत गुडघा गेला. आजोबा मात्र इथेच राहिले.

"बोलेन की," ते कुंपणापलीकडून म्हणाले, "पण माझ्याबद्दल नाही. दोस्ताबद्दल."

दोस्त इथलाच, आठवडाभर सुतारकाम करून संघात फुकट खेळणारा. फायनलचा शेवटचा बास्केट त्याचा. तो लॉकडाऊनमध्ये गेला. दफनाला मोजकीच माणसं, त्याच्याबद्दल कुणी चार शब्द बोललंच नाही. आजोबांनी त्याच्या बायकोला आमची लिंक पाठवली होती. "ती ऐकेल. ग्रँड होईल."

मी सगळं ऐकून घेतलं. मग परिचय लिहायला बसलो आणि हात थांबेना. प्रमुख पाहुणे आपले, आणि बास्केट सुताराचा? मी तो आजोबांना देऊन टाकला. अर्ध्या कोर्टावरून मारायला लावला. हॉलचं छप्पर उडालं, दोन पाद्री नाचले, गावात आठवडाभर कुणी गाईंच्या धारा काढल्या नाहीत. बोलायचं मराठीतच होतं. कुणाला कळणार?

पाहुण्यांसाठी चॅटमध्ये इंग्रजी भाषांतर टाकायचं काम मंडळानं माझ्या बायकोला दिलं होतं, हे मी साफ विसरलो. ती हॉस्पिटलात डॉक्टर. पेशंट सांगेल ते तसंच्या तसं लिहून घ्यायची सवय. मी गाईंपर्यंत पोचलो तोवर तिनं बास्केट, छप्पर, पाद्री, सगळं टाइप केलं होतं.

स्क्रीनभर टाळ्या उडाल्या. आजोबा चष्मा कपाळावर ढकलून वाचत होते. एका चौकटीतली पांढऱ्या केसांची बाई म्हणाली, "छान होतं. मी निघते," आणि चौकट गेली. आजोबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"गाईसुद्धा टाइप केल्यास?" मी बायकोला नंतर म्हटलं.

"तू बोललास ना?"

"थोडं गाळायचं की गं."

"काय गाळू? गाई खोट्या की बास्केट खोटा, हे मला कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या दारात गेलो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "माझी कशाला माफी मागतोस?" म्हणाले. "गाडी काढ."

दोस्ताच्या घरी त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी चहा दिला, बिस्किटं पुढे केली. मी माफी मागितली. त्यांनी हातानंच थांबवलं आणि आजोबांकडे वळल्या.

"तो आयुष्यभर हीच गोष्ट सांगायचा. प्रत्येक नाताळात, प्रत्येक पाहुण्याला. काल ते वाचलं आणि वाटलं, इतकी वर्षं त्यानं मला तुझा बास्केट स्वतःचा म्हणून सांगितला. रात्रभर मी त्याच्यावर चिडून होते. मेलेल्या माणसावर."

"चेंडू माझ्याकडे होता," आजोबा म्हणाले. "पगार मला मिळायचा, मीच टाकायला हवा होता. पण मी घाबरलो. त्याच्याकडे दिला. त्यानं टाकला."

"त्याचाच ना मग?"

"त्यांचाच, बाई," मी घाईघाईनं म्हणालो. "अगदी शंभर टक्के त्यांचा. मी छातीवर हात ठेवून सांगतो."

"तुम्ही राहू द्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माझ्या कपात आणखी चहा ओतला, आणि आजोबांना पुन्हा विचारलं, "त्याचाच ना?"