दोन नवस आणि एक मॅच

माझा नवरा टेबल टेनिस खेळतो, आणि तेच त्याचं काम आहे. हे एवढं वाक्य आमच्या लग्नाच्या वेळी अमरावतीच्या राजापेठेत घरोघरी समजावून सांगावं लागलं. "थे ठीक हाय, पण पोरगा करते काय?" असं मामा साखरपुड्याच्या दिवशीही विचारत होते. पोरगा अकोल्याचा. लग्नानंतर सहा महिन्यांनी जर्मनीतल्या एका लहान गावच्या क्लबनं त्याला वर्षाच्या करारावर बोलावलं. मी तेव्हा दहावीच्या गणिताचे क्लास घेत होते. मैत्रिणीच्या हातात क्लासची किल्ली दिली आणि म्हटलं, वर्षभर सांभाळ. त्या एका वर्षाची तीन वर्षं झाली.

इथे वाईट काही नाही, हे आधीच सांगून टाकते. पण इतकी शांतता मला मानवत नाही. राजापेठेत क्लासच्या खिडकीखाली गाड्यांचा असा कालवा असायचा की एक प्रमेय सांगायला तीनदा ओरडावं लागे, आणि मागची पोरं तरी मुद्दाम म्हणायची, "मॅडम, ऐकू नाही आलं." इथे बसमध्ये आईशी फोनवर बोलले की अख्खी बस वळून बघते. आई आणि मी, दोघींनाही हळू बोलता येत नाही. परत कधी, असं कोणी विचारलं की मी "बघू" म्हणायचे, पण मला घरी जायचं होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

यंदाच्या मार्चमध्ये ती वेळ जवळ आली. क्लबची शेवटची मॅच उरली होती. हरले तर क्लब खालच्या विभागात जाणार, तिथे बाहेरून आणलेला खेळाडू ठेवत नाहीत, म्हणजे आम्ही मे महिन्यात अमरावतीत. जिंकले तर आणखी दोन वर्षं इथेच.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. "मी देवीले सांगून ठेवलं. पोरगी यंदा घरी आली तं लुगडं नेसवीन अन् ओटी भरीन. तुया सासूले सांगू नको वो."

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून सासूबाईंचा. "शेतातल्या मारुतीले रोडगे कबूल केले म्या. पोरगा जिंकला तं पुरी पंगत बसवतो. पण तुया आईले नको सांगू. तिचा जीव तुयात अडकून हाय."

एकाच पोरीसाठी आणि एकाच पोरासाठी दोन नवस, एकमेकांच्या अगदी विरुद्ध. मी दोघींना "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

या क्लबची एक पद्धत आहे. आपल्या हॉलमध्ये मॅच असली की प्रत्येक खेळाडूच्या घरून एक केक जातो आणि मागच्या टेबलावर विकायला मांडतात. माझे पहिले दोन केक बसले. तिसऱ्या वेळी चिडून मी सांभारवड्या नेल्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात; तिचं सारण भरून तळलेल्या या वड्या तिथल्या म्हाताऱ्यांना इतक्या आवडल्या की आता केक मागतच नाहीत. त्या दिवशीही मी त्या टेबलामागे ताटं लावून उभी होते.

नऊ सामन्यांची मॅच चार-चार झाली. शेवटचा सामना माझ्या नवऱ्याचा, तोही पाचव्या गेमपर्यंत गेला आणि दहा-दहावर अडकला. अशा वेळी तो एकदा मागे वळून मला शोधतो. मी मूठ वर करते, मग तो सर्व्हिस करतो. लग्न ठरल्यापासूनचं हे आहे, अकोल्याच्या हॉलपासूनचं.

त्यानं वळून पाहिलं. मला आईची ओटी दिसली, क्लासची खिडकी दिसली. मी खाली वाकले आणि टेबलाखालच्या ताटल्या मोजायला लागले. मोजायचं काहीच नव्हतं. मनात स्पष्ट शब्द आले: हरू दे. मला लाज वाटली, तरी मी उठले नाही.

हॉलमध्ये आरडाओरडा झाला तेव्हा कळलं, तो जिंकला होता.

घरी चालत जाताना तो म्हणाला, "आज तू दिसली नाही."

"ताटल्या काढून राहिली होती," मी म्हटलं.

"बरं," एवढंच तो म्हणाला.

दोन वर्षांचा करार झाला. मैत्रिणीला मी कळवलं की क्लास आता तुझाच समज. तिनं फार गोड उत्तर पाठवलं, ते मी पूर्ण वाचलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी अकोल्याला रोडग्यांची पंगत झाली. इथे सकाळचे दहा. फोन साखरेच्या डब्याला टेकवून आम्ही दोघं बघत बसलो. शेतात गोवऱ्यांचा जाळ, त्यात कणकेचे गोळे भाजायला टाकलेले, बाजूला वांग्याच्या भाजीचं पातेलं. आणि परातीपुढे, कोपरापर्यंत कणकेनं माखलेली, माझी आई. पहाटेच्या गाडीनं अमरावतीहून आली होती. आपली पोरगी ज्याच्यामुळे घरी येणार नाही, त्या नवसाची कणीक ती मळत होती. "पाणी कमी घाला जी," असं सासूबाईंना रागावतही होती.

मग सासूबाईंनी फोन जवळ घेतला. "तुया आईनं देवीले काय सांगतलं होतं, थे मले आज समजलं. मंग मीबी मारुतीले आताच सांगतलं, दोन वर्सानं हे दोघं घरी आले तं पुन्हा रोडगे करीन." एवढं बोलून त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. पडद्यावर नुसतं आभाळ दिसायला लागलं.

मला रडू फुटलं. नवरा पाणी घेऊन आला, तेव्हा मी सांगून टाकलं. "त्या दिवशी मी मुद्दाम वाकली होती. तुमी हरावं म्हणून."

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "तू वाकली तवा मीबी म्हटलं, हारलो तं बरं, घरी जाऊ. पण हात काही ऐकत नाही ना बाप्पा."

तेवढ्यात डब्याजवळून आवाज आला, आईचा, एरवी कधी नसतो इतका हळू.

"फोन चालूच हाय वो, बाई."

आभाळ हललं. आईचं तोंड दिसलं, कपाळाला पीठ लागलेलं. मग तिनं रोडगा फोडला, वर तूप सोडलं आणि दोन्ही हातांनी फोनपुढे धरला, मोठे दोन तुकडे करून.